राणीची बाग : एका सार्वजनिक उद्यानाची घडण



ज्या गांवाच्या धानाच्या बांध्या ओलांडल्या कीं रानाला सुरुवात होते, त्या गांवाला बाग हवी कशाला, असें कोणी विचारलें तर त्या प्रश्नाला अगदींच अडाणीपणाचा म्हणतां येणार नाहीं. ब्रह्मपुरीच्या भोंवतीं साग, ऐन, बिजा, मोह, तेंदू यांना तोटा नाहीं. पूर्वेकडून वैनगंगा वाहते. आणि कोहळी मंडळींनीं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलावांनीं हा झाडीचा मुलूख भरलेला आहे. झाडांच्या अशा श्रीमंतींत राहणाऱ्या माणसानें चार ताटवे आणि हिरवळीची एक चौकट यांची हांव कां धरावी ?

याचें उत्तर वैशाखांत मिळतें. ब्रह्मपुरीचें नांव उरलेल्या महाराष्ट्राच्या कानीं पडतें तें बहुधा त्याच दिवसांत, वर्तमानपत्रांतल्या तपमानाच्या कोष्टकांतून. पारा 46 अंशांच्या पुढें सरकतो, आणि ज्या रानाचा आपणांस अभिमान, तें रान नेमकें तेव्हांच उघडें पडलेलें असतें. साग पाऊस पडेपर्यंत पान धरीत नाहीं. ऐनाचीहि तीच गत. म्हणजे सावलीची सर्वांत अधिक निकड ज्या महिन्यांत, त्याच महिन्यांत आपलें रान सावली देण्याचें नाकारतें. शिवाय रानांत माणूस जातो तो कामासाठीं. मोहाचीं फुलें वेंचावयास, तेंदूचीं पानें तोडावयास, सरपणाला. ब्रह्मपुरीच्या वनविभागांत वाघांची वस्ती दाट आहे, आणि पहाटे मोह वेंचण्यास गेलेली बाई सुखरूप परत येईपर्यंत घरच्यांच्या जिवाला स्वस्थता नसते. विसाव्यासाठीं जावें, म्हाताऱ्यानें काठी बाजूला ठेवून घटकाभर टेकावें, पोरानें आईच्या नजरेच्या टप्प्यांत मोकळें धांवावें, अशी जागा म्हणजे रान नव्हे. ती जागा गांवाला मुद्दाम करावी लागते. ती कशी करतात, आणि करून झाल्यावर ती कशी बिघडूं शकते, हें पाहण्यासाठीं आज मी आपणांस मुंबईस, भायखळ्यास नेणार आहें. कारण झाडांचा, जनावरांचा, धनिकांच्या देणग्यांचा आणि नागरिकांच्या भांडणांचा इतका सलग इतिहास महाराष्ट्रांतल्या दुसऱ्या कोणत्याहि उद्यानानें क्वचितच सांठवून ठेवला असेल.

तत्पूर्वीं एक खुलासा. आपल्याकडे पूर्वीं बागा नव्हत्या असें नाहीं. पुण्यास पेशव्यांची हिराबाग आणि सारसबाग होती. नागपुरास भोंसल्यांची महाराजबाग, तुळशीबाग, तेलंखेडी. परंतु या साऱ्या बागा मालकाच्या होत्या. तेथें प्रजेला प्रवेश मिळाला तर तो कृपा म्हणून, हक्क म्हणून नव्हे. लोकांचा विसावा निराळ्या ठिकाणीं असे : देवळापुढच्या पिंपळाच्या पारावर, तलावाच्या पाळीवरच्या आमराईंत. ही आमराई म्हणजेच आपल्या मुलखांतील खरें लोकोद्यान, असें माझें मत आहे. मात्र तिला उद्यान म्हणण्याचें कोणाला सुचलें नाहीं, आणि म्हणूनच ती तोडली जातांना कोणाला उद्यान गेल्याचें दुःखहि झालें नाहीं. नागपूरचें राज्य 1854 सालीं खालसा झाल्यावर महाराजबाग सरकारकडे गेली, 1894 सालीं तेथें प्राणिसंग्रहालय आलें, आणि आज ती शेतकी महाविद्यालयाच्या म्हणजेच अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या अखत्यारींत आहे. राजाची बाग लोकांची कशी होते त्याचा हा एक मार्ग. पण मुळांतच लोकांसाठीं म्हणून बाग मांडावयाची, ही कल्पना निराळी, आणि वयानें फारशी जुनीहि नाहीं.

इंग्लंडांत गिरण्यांचीं गांवें धुरानें काळवंडूं लागलीं तेव्हां ती पुढें आली. डर्बी या गांवीं जोझेफ स्ट्रट नांवाच्या गिरणीमालकानें 1840 सालीं जमीन दिली आणि लाउडन नांवाच्या उद्यानशास्त्रज्ञानें तेथें वृक्षोद्यान मांडलें. जागा लहान होती. म्हणून त्यानें मधून मधून मातीचे उंचवटे उभारले, म्हणजे एका वाटेवरून चालणाऱ्यास दुसऱ्या वाटेवरचा माणूस दिसूं नये आणि बाग आहे त्याहून मोठी वाटावी. प्रत्येक झाडाला ओळख दिलेली. पैसे देऊन आंत जावें लागे, पण आठवड्यांतले दोन दिवस प्रवेश फुकट असे, त्यांत रविवार हा एक. कारण मजुराला सवड मिळे ती त्याच दिवशीं. पुढें 1847 सालीं लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड येथें जोझेफ पॅक्स्टननें सार्वजनिक पैशांतून केलेलें उद्यान खुलें झालें. तें 1850 सालीं एका अमेरिकन तरुणानें पाहिलें. हाच तो ओम्स्टेड, ज्यानें व्हॉक्स या वास्तुकाराच्या सोबतीनें 1858 सालीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला. मुंबईची बाग याच लाटेंतली आहे. सेंट्रल पार्काचें काम चालूं होतें तेव्हांच तिची आंखणी होत होती.

मुंबईंत 'अ‍ॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' नांवाची एक संस्था होती. परदेशांतून झाडें आणावीं, तीं येथल्या हवेंत जगतात कीं नाहीं हें पाहावें, रोपें-बियाणें वाटावें, असा तिचा उद्योग. तिची पहिली बाग शिवडीस होती. नाना शंकरशेट हे या संस्थेचे पहिले हिंदी अध्यक्ष. डॉक्टर जॉर्ज बर्डवुड हे तिचे चिटणीस आणि खटपटी गृहस्थ. शिवडीची जागा पुढें ख्रिस्ती दफनभूमीसाठीं घेतली गेली आणि 1865 पासून तेथें स्मशान झालें. तत्पूर्वींच संस्थेनें माझगांव-भायखळ्याच्या बाजूस माऊंट इस्टेट नांवाच्या जागेंत नवी बाग मांडण्यास आरंभ केला होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्तें 19 नोव्हेंबर 1862 रोजीं ती लोकांस खुली झाली, आणि इंग्लंडच्या राणीचें नांव तिला देण्यांत आलें. तेव्हांपासून मुंबईकरांनीं तिला राणीची बाग म्हटलें. जुने लोक 'राणीचा बाग' म्हणत. आज तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. योगायोग असा कीं जिजाबाईंच्या नांवानेंहि ती राणीचीच बाग राहिली, आणि बोलीला आपली संवय सोडावी लागली नाहीं.

तो काळहि ध्यानांत घ्यावयास हवा. अमेरिकेंत 1861 पासून यादवी चालली होती. तिकडचा कापूस मँचेस्टरास मिळेना, आणि आपल्या वऱ्हाड-नागपूरकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैसा ओसंडूं लागला. किल्ल्याचे तट त्याच दशकांत पाडले गेले. त्या पैशाचीं चिन्हें बागेच्या दारांतच उभीं आहेत. डेव्हिड ससून यांच्या नांवाचा घड्याळाचा मनोरा 1865 चा. त्याच्याजवळ नगरपालिकेचे इंजिनिअर विल्यम ट्रेसी यांनीं योजिलेलीं प्रवेशद्वाराचीं बांधकामें, आणि रोमन विजयकमानीच्या धर्तीवरची तीन कमानींची भिंत. आंत ग्रीक देवळासारखा एक छोटा मंडप, त्यांत लेडी फ्रिअर यांचा अर्धपुतळा. 1865 सालीं युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि मुंबईंतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. सोसायटीलाहि बागेचा खर्च झेपेनासा झाला, आणि 1873 सालीं ती म्युनिसिपालिटीच्या हवालीं करण्यांत आली. हौशी मंडळानें मांडलेली बाग शहराची झाली ती अशी, दिवाळखोरीच्या वाटेनें !

आतां रचनेकडे वळूं. बागेच्या आराखड्याचें मर्म असें कीं, दारापाशीं तिनें आपल्याला शिस्तींत घ्यावें आणि आंत गेल्यावर सैल सोडावें. मनोरा, कमान, रुंद मार्ग, हा आरंभीचा भाग इटालियन वळणाचा. रस्त्यावरची गर्दी आणि गोंगाट घेऊन आलेला माणूस कमानीखालून जातांना आपोआप पाऊल हळू टाकतो. पुढें वाटा वळणें घेऊं लागतात, आणि माथ्यावर झाडें एकमेकांस भिडतात. येथें एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ज्यांनीं ही आंखणी केली त्यांनीं ती स्वतःच्या डोळ्यांसाठीं केली नव्हती. रोप लावणाऱ्याला त्या झाडाचा पूर्ण पसारा दिसत नाहीं. तो कल्पनेनें पाहून दोन झाडांमधलें अंतर ठरवावें लागतें; आणि तें अंतर आज राखलेलें पाहून लावणाऱ्याला रिकामी जागा सहन होत होती, हें कळतें. आमच्या आजकालच्या बागांना नेमकी तीच सहन होत नाहीं.

झाडांची यादी वाचली म्हणजे या बागेला वनस्पतिशास्त्राचें ग्रंथालय कां म्हणावें तें कळतें. आफ्रिकेंतली गोरखचिंच आहे, जिचें खोड पाहून पोरें हत्तीच्या पायाची आठवण काढतात. दक्षिण अमेरिकेचा कैलासपती आहे. त्याचीं फुलें फांदीच्या टोंकाला न येतां खोडालाच फुटतात, आणि फुलांतील रचना शिवलिंगावर फणा धरल्यासारखी दिसते म्हणून आपल्या लोकांनीं त्याला थेट शंकराचें नांव दिलें. पानांचे द्रोण असलेला कृष्णवड आहे. आणि ब्रह्मदेशाची उर्वशी आहे. हिचें शास्त्रीय नांव अ‍ॅम्हर्स्टिया, गव्हर्नर-जनरल अ‍ॅम्हर्स्ट यांच्या पत्नी आणि कन्या यांच्या सन्मानार्थ वॉलिक या वनस्पतिशास्त्रज्ञानें दिलेलें. तांबडीं-पिवळीं फुलें झुंबरासारखीं खालीं लोंबतात. जगांतल्या सुंदर फुलझाडांत तिची गणना होते, आणि ती पाहण्यासाठीं कोणास ब्रह्मदेशास जावें लागत नाहीं, भायखळ्यास उतरलें तरी पुरतें, ही या सोसायटीची करामत. नागरिकांनीं केलेल्या मोजदादींत या बागेंत 286 जातींचीं 3,213 झाडें भरलीं. ब्रह्मपुरीच्या रानांतला माणूस झाडांच्या संख्येनें चकित व्हावयाचा नाहीं. पण 50 एकरांच्या आसपासच्या तुकड्यावर 286 जाती, हें ऐकून तोहि क्षणभर थांबेल.

बागेच्या अंगणांतच वस्तुसंग्रहालय आहे. त्याचा पाया 1862 सालीं घातला गेला आणि 2 मे 1872 रोजीं तें उघडलें. नाना शंकरशेट, बर्डवुड आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं त्यासाठीं वर्गण्या जमविल्या. भाऊ दाजींचें नांव 1975 सालीं त्याला देण्यांत आलें. समोर एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनीं त्या बेटाला एलिफंटा म्हटलें, तोच हा. 1864 च्या सुमारास त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना साखळदंड तुटला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते पन्नास वर्षें तसेच पडून होते. 1914 सालीं कॅडेल आणि हेवेट या गृहस्थांनीं ते सांधून हत्ती पुन्हां उभा केला. जिवंत हत्तीवर बसण्यासाठीं पूर्वीं मुलांची याच बागेंत झुंबड उडे; या दगडी हत्तीकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं.

जनावरें मागाहून आलीं, ही गोष्ट विसरली जाते. 1890 सालीं दक्षिणेकडे सुमारें 15 एकरांची भर घालण्यांत आली, आणि तेथें प्राणिसंग्रहालय वाढलें. मूळची बाग झाडांची. पण लोकांचें मन विचित्र असतें. उर्वशी फुलली म्हणून गाडी करून कोणी येत नाहीं. वाघ आला म्हटलें कीं दारांत रांग लागते. त्यामुळें पाहुण्याच्या दृष्टीनें राणीची बाग म्हणजे पिंजरे, आणि झाडें म्हणजे पिंजऱ्याकडे जातांना लागणारी सावली, असा उलटा हिशेब झाला. पुढें ही बाग जणु शहराची अडगळीची खोलीहि बनली : 1965 सालीं काळ्या घोड्यावरचा सातव्या एडवर्डचा पुतळा भर रस्त्यांतून काढला तो येथेंच आणून ठेवला. राजा गेला तरी ज्या चौकांत तो उभा होता त्याचें नांव काळा घोडा राहिलें, आणि घोडा मात्र भायखळ्यास !

खरें भांडण झालें तें आपल्या शतकांत. 2007 सालीं महापालिकेनें थायलंडमधील सल्लागारांकडून या जागेचा कायापालट करण्याची सुमारें 433 कोटी रुपयांची योजना पुढें आणली. जगांतल्या नामांकित प्राणिसंग्रहालयांच्या तोडीचें कांहीं करावें, असा तिचा रोख होता. जनावरांना अंधाऱ्या कोंडींतून मोकळ्या आवारांत आणावें, या हेतूला कोण नांवें ठेवील ? जुने पिंजरे खरोखरच केविलवाणे होते. परंतु मोकळीं आवारें करावयाचीं तर जागा हवी, आणि जागा झाडांनीं व्यापलेली. तेव्हां मुंबईच्या कांहीं नागरिकांनीं, त्यांत बहुतेक स्त्रिया, एक साधें काम हातीं घेतलें. त्यांनीं झाडें मोजलीं, ओळखलीं, त्यांचीं नांवें लिहून काढलीं. मघाशीं सांगितलेला 3,213 चा आंकडा त्या मोजणींतला. घोषणांपेक्षां या यादीनें अधिक काम केलें, असें मला वाटतें. 'बागेची हानी' हे शब्द वाऱ्यावर जातात. 'अमुक जातीचें एवढेंच झाड शहरांत आहे' या वाक्याला उत्तर द्यावें लागतें. वारसा समितीपुढें प्रश्न गेला, आणि मूळ योजनेला बरीच कात्री लागली.

त्यानंतर 2016 च्या जुलईंत दक्षिण कोरियांतील सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांतला एक त्याच वर्षीं दगावला. उरलेल्यांना थंड हवेच्या दालनांत ठेवून 2017 च्या मार्चांत तें दालन लोकांस खुलें झालें. त्याच वर्षीं प्रवेशशुल्क पांच रुपयांवरून पन्नास झालें; चौघांच्या कुटुंबाला शंभरांत आंत जातां येई. शंभर रुपये ही रक्कम आपल्यापैकीं पुष्कळांना जड नाहीं. पण भायखळा, परळ, नागपाडा इथल्या एका खोलींतल्या बिऱ्हाडाला संध्याकाळीं पोरांना घेऊन नुसतें झाडाखालीं बसावयाचें असेल, तर तो पेंग्विनांच्या थंडाव्याचा खर्च कां भरील ? डर्बीच्या त्या गिरणीमालकाला रविवारचा दरवाजा फुकट ठेवण्याचें सुचलें, तें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं. महसुलाचा आंकडा वाढतो हें खरें. परंतु तो वाढतो त्या क्षणीं बाग आणि तमाशा यांतली रेघ पुसट होते.

2020 सालीं या बागेंत वाघाची जोडीहि आली, औरंगाबादच्या, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानांतून. मुंबईकरांना त्याचें केवढें कौतुक ! आमच्याकडे गोष्ट उलटी आहे. 2023 च्या मेमध्यें ब्रह्मपुरी वनविभागांतून दोन वाघिणी पकडून नवेगांव-नागझिऱ्याच्या रानांत सोडण्यांत आल्या, कारण येथें वाघ अधिक आणि त्यांना जागा अपुरी. तेव्हां ब्रह्मपुरीच्या बागेंत पिंजरा ठेवून त्यांत सिमेंटचा कां होईना पण वाघ बसवावा, असें ज्यांना वाटतें त्यांना मी हात जोडून विनंति करीन कीं तेवढें करूं नका. अनेक तालुक्यांच्या गांवीं अशा बागा झाल्या आहेत : रंगीत ठोकळ्यांची फरसबंदी, सिमेंटचा जिराफ, एक बंद पडलेलें कारंजें, आणि कडेनें शोभेचीं बुटकीं झुडपें. सकाळीं नऊनंतर तेथें उभें राहवत नाहीं, आणि संध्याकाळीं फरशी दिवसभराचें ऊन परत देऊं लागते.

राणीच्या बागेपासून आपण नक्कल करावी ती कमानीची नव्हे, अंतराची. उर्वशीची नव्हे, निवडीची. निवड मुंबईची येथें चालणार नाहीं. तेथें समुद्राचा दमटपणा, येथें कोरडी झळ. जें झाड चैत्र-वैशाखांत पानानें भरलेलें असतें तेंच येथें उपयोगाचें. करंज घ्या : त्याची जुनी पानगळ उन्हाळ्याच्या तोंडालाच आटोपते, आणि वैशाखांत तो चकचकीत हिरवा होतो. कुसुमाला त्याच दिवसांत लालभडक कोंवळी पालवी येते, आणि अनोळखी माणसाला तें दुरून फुललेलेंच झाड वाटतें. कडुनिंब, चिंच, वड, पिंपळ, जांभूळ हीं तर घरचींच. गुलमोहर दिसावयाला देखणा, पण त्याचीं फुलें येतात तेव्हां पानें नसतात, म्हणून त्याला कोपऱ्यांत एखादें स्थान पुरे. सागाला रस्त्याच्या दुतर्फा लावण्याचा मोह आपणां जंगलवाल्यांना फार. त्याचें कारण लांकडाची किंमत, सावली नव्हे.

जागेचा प्रश्न राहिला. तलावाच्या पाळीला लागून जी पडीक पट्टी बहुतेक गांवांत असते, ती याला सर्वांत बरी, कारण तेथें ओल टिकते आणि वाराहि पाण्यावरून येतो. रोपें मृगाच्या पावसांत लावावीं, दोन झाडांत निदान तीस फुटांचें अंतर सोडावें, आणि पहिलीं तीन वर्षें गुरांपासून कांट्यांचें कुंपण राखावें. वाट मुरुमाची पुरते. बांकें झाडें मोठीं झाल्यावर ठेवलीं तरी चालतील. तोंवर पाळीवरचे दगड आहेतच. प्रत्येक झाडावर नांवाची पाटी मात्र पहिल्या दिवसापासून हवी, आणि तिच्यावर शास्त्रीय नांवाआधीं आपल्या बोलींतलें नांव असावें.